नाव नसलेली मानचिन्हे: ब्रिटिश अमदानीतील भारतीय ऑर्डर्स आणि पदकांचा संग्रह कसा करावा

लष्करी मोहिमेच्या पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते, त्यामुळे शंभर वर्षांनंतरही ते कोणाच्या छातीवर होते हे सांगता येते. ऑर्डरचे तसे नाही. संस्थानिक, गव्हर्नर, न्यायमूर्ती आणि वरिष्ठ अधिकारी यांना मिळालेल्या ‘स्टार ऑफ इंडिया’च्या किंवा ‘इंडियन एम्पायर’च्या मानचिन्हावर धारकाचे नाव नसते. मूळ डबी, सनद, छायाचित्र आणि घरातील माणसांची आठवण यांपासून ते एकदा दुरावले, की ते कोणाचे होते हे सांगणारे काहीच उरत नाही, आणि सराफाच्या तराजूत त्याची किंमत सोन्याचांदीच्या वजनाइतकीच होते. म्हणूनच या क्षेत्रात येणाऱ्याने वस्तूइतकेच तिच्याबरोबरचे कागद जमवायला शिकले पाहिजे. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती मांडल्या आहेत. जगभरच्या राजघराण्यांच्या ऑर्डर्सचा विषय अफाट आहे; मी येथे १८३७ ते १९४७ या काळात हिंदुस्थानासाठी निर्माण झालेल्या सन्मानांपुरते लिहीत आहे, कारण त्यांचे अवशेष आजही आपल्याकडच्या वाड्यांत, बँकेच्या लॉकरांत आणि जुन्या बाजारात सापडतात.

प्रथम उतरंड समजून घ्यावी

ऑर्डर आणि पदक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डर म्हणजे राजाने स्थापन केलेला, स्वतःचे नियम, वर्ग आणि सदस्यसंख्या असलेला एक मंडळवजा सन्मान. माणसाची त्यात नेमणूक होते आणि त्या सदस्यत्वाची खूण म्हणून त्याला मानचिन्ह मिळते. पदक हे एखाद्या कामगिरीबद्दल किंवा प्रसंगाची आठवण म्हणून दिले जाते आणि त्यातून कोणतेही सदस्यत्व येत नाही. बाजारात सगळ्यालाच ‘मेडल’ म्हणतात. संग्राहकाने मात्र स्वतःच्या नोंदवहीत हा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा.

सर्वांत वरचा सन्मान ‘स्टार ऑफ इंडिया’ हा होय. राणी व्हिक्टोरियाने तो १८६१ मध्ये स्थापन केला. सुरुवातीला त्यात एकच वर्ग होता आणि नाइटांची संख्या २५ पुरती मर्यादित होती. १८६६ मध्ये त्याचे तीन वर्ग झाले, ते म्हणजे जी.सी.एस.आय. (नाइट ग्रँड कमांडर), के.सी.एस.आय. (नाइट कमांडर) आणि सी.एस.आय. (कंपॅनियन). हिंदू, मुसलमान, शीख आणि पारशी अशा सर्वांना तो द्यायचा असल्यामुळे त्याच्या रचनेत क्रूस किंवा ख्रिस्ती संत आणला नाही. याच कारणासाठी वरच्या वर्गाला ‘ग्रँड क्रॉस’ऐवजी ‘ग्रँड कमांडर’ असे नाव दिले गेले. फीत फिकट निळी, कडेजवळ पांढऱ्या रेघांची. ब्रीद ‘स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक’ या अर्थाचे. बिल्ल्याच्या मध्यभागी ऑनिक्स या खड्यात कोरलेला राणीचा मुखवटा असतो, आणि हे कोरीव काम पाहण्यासाठी एकदा तरी अस्सल बिल्ला हातात घ्यावा, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, आणि त्या घटनेच्या पहिल्या वर्षदिनी, म्हणजे १ जानेवारी १८७८ रोजी, ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ अस्तित्वात आली. आपल्याकडच्या चरित्रग्रंथांत नावापुढे दिसणारे सी.आय.ई. हे याच ऑर्डरच्या तिसऱ्या वर्गाचे अक्षरचिन्ह आहे. आरंभी या ऑर्डरमध्ये केवळ ‘कंपॅनियन’ होते. १८८६ आणि १८८७ मध्ये अनुक्रमे के.सी.आय.ई. आणि जी.सी.आय.ई. हे वरचे वर्ग जोडले गेले. बिल्ला म्हणजे मुकुटाखाली लटकणारे पाच पाकळ्यांचे लाल मीन्याचे फूल, मध्यभागी व्हिक्टोरियाचा मुखवटा. फीत गडद निळी. स्त्रियांसाठी १८७८ मध्येच ‘क्राउन ऑफ इंडिया’ हा वेगळा सन्मान निघाला. त्याचे मानचिन्ह हिरे, मोती आणि फिरोजा यांनी मढवलेले असते. ते खासगी बाजारात क्वचितच येते.

लष्करात ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये दोन सन्मान सुरू केले. ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ दीर्घ आणि निष्ठावंत सेवेबद्दल देशी अधिकाऱ्यांना मिळे, आणि तिच्या पहिल्या वर्गाबरोबर ‘सरदार बहादूर’ व दुसऱ्या वर्गाबरोबर ‘बहादूर’ ही उपाधी लागे. दुसरी ऑर्डर शौर्याची. ती १९०२ पासून ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ या नावाने ओळखली जाते. १९११ मध्ये हिंदी सैनिक व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च ब्रिटिश शौर्यसन्मानासाठी पात्र ठरले, तेव्हा तिचा पहिला वर्ग रद्द झाला.

यानंतर येतात पदके आणि उपाधीचे बिल्ले. ‘कैसर-ए-हिंद’ हे लोकसेवेचे पदक १९०० मध्ये सुरू झाले. दरबारांची स्मारक पदके १८७७, १९०३ आणि १९११ या सालांची आहेत. १९११ च्या दिल्ली दरबारात रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर, दिवाणबहादूर अशा उपाध्यांसाठी धारण करावयाचे बिल्ले प्रथमच ठरवले गेले. पहिल्या वर्गाची (दिवाणबहादूर, सरदार बहादूर) फीत गडद निळ्या काठांची फिकट निळी, दुसऱ्याची (रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर) गडद लाल काठांची लाल आणि तिसऱ्याची (रावसाहेब, रायसाहेब, खानसाहेब) फिकट निळ्या काठांची गडद निळी असते. मुंबई इलाख्यात ‘राव’ आणि उत्तरेत ‘राय’ हा भेद लक्षात ठेवावा, कारण बिल्ला कोणत्या प्रांतातून आला असावा याचा पहिला धागा तेथेच मिळतो.

आवाका लहान ठेवावा

सगळेच जमवू पाहणाऱ्याचा संग्रह काही वर्षांत डब्यांचा ढीग होतो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांसाठी रावबहादूर-रावसाहेब बिल्ल्यांपासून सुरुवात करणे उत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे. याचे कारण किंमत हे नव्हे. या बिल्ल्यांच्या मागील बाजूस बहुधा धारकाचे नाव कोरलेले असते. नाव असले की शोध घेता येतो, आणि शोध घ्यायची सवय लागली की पुढे निनावी ऑर्डर हाताळताना तीच सवय कामी येते. एखाद्या जिल्ह्यातील रावबहादूर, एखाद्या खात्यातील अभियंते, किंवा प्लेगच्या आणि दुष्काळाच्या काळात काम केलेले डॉक्टर असा एकच धागा धरून दहा वस्तू जमवल्या, तर त्या दहा वस्तू एकमेकींविषयी बोलू लागतात.

दरबार पदके हा दुसरा सोपा प्रवेश आहे. १९११ चे रौप्य पदक सुमारे ३०,००० इतक्या संख्येने काढले गेले होते, त्यामुळे ते आजही मिळते आणि त्याच्या बनावट प्रती ओळखायला शिकण्यासाठी पुरेसे अस्सल नमुने पाहता येतात. सुवर्णपदके मात्र २००च निघाली. १८७७ चे पदक ५८ मिलिमीटर व्यासाचे, गळ्यात घालायचे आणि मागील बाजूस इंग्रजी, फारसी लिपी व देवनागरी अशा तिन्हींत ‘कैसर-ए-हिंद’ असे लिहिलेले आहे. त्याच्यापुढे १९११ चे ३८.५ मिलिमीटरचे पदक अगदी छोटे दिसते.

स्टार ऑफ इंडियाच्या वाटेला पहिल्या पाच वर्षांत जाऊ नये. त्या पातळीवर एका चुकीची किंमत फार मोठी असते.

वस्तू हातात आल्यावर काय पाहावे

येथे घाई करू नये. दहा पट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा, अतिनील किरणांचा छोटा दिवा आणि सुती हातमोजे एवढी सामग्री पुरते.

पहिला प्रश्न काळाचा. कोणत्या राजाच्या अमदानीतील वस्तू आहे हे कैसर-ए-हिंद पदकावर राजचिन्हातील आद्याक्षरांवरून आणि दरबार पदकांवर मुखवट्यावरून समजते. व्हिक्टोरियाची कारकीर्द १९०१ मध्ये, सातव्या एडवर्डची १९१० मध्ये आणि पाचव्या जॉर्जची १९३६ मध्ये संपली, एवढी सनावळी तोंडपाठ असावी. मात्र हाच निकष स्टार ऑफ इंडिया आणि इंडियन एम्पायर या ऑर्डर्सना लावला, तर हमखास फसगत होते. राजे बदलले तरी या दोन्ही ऑर्डर्सच्या बिल्ल्यांवर शेवटपर्यंत व्हिक्टोरियाचाच मुखवटा राहिला. त्यामुळे ‘राणीच्या काळातील’ म्हणून दाखवलेला सी.आय.ई. बिल्ला प्रत्यक्षात १९४० च्या दशकातीलही असू शकतो. तेथे काळ ठरवायला रचनेतील बारकावे पाहावे लागतात. इंडियन एम्पायरच्या अगदी सुरुवातीच्या बिल्ल्यांत पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ या शब्दाचे एकेक इंग्रजी अक्षर होते. पुढे ते काढून टाकले गेले. दुसरी खूण लटकवण्याच्या पद्धतीची. १९१७ पर्यंत सी.एस.आय. आणि सी.आय.ई. हे कंपॅनियन वर्गाचे बिल्ले अरुंद फितीने छातीवर लावत; त्या वर्षापासून ते गळ्यात घालू लागले.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांना १९०४ मध्ये सी.आय.ई. मिळाली, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. आता कोणी गळ्यात घालण्याच्या घडणीचा बिल्ला त्यांचा म्हणून दाखवला, तर तो त्यांचा असणे शक्य नाही, कारण तशी घडण त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी आली. उलट १९१७ नंतर हयात असलेल्या एखाद्या जुन्या धारकाने आपला छातीवरचा बिल्ला गळ्यात घालण्याजोगा करून घेतला असेल, तर मूळ कडीच्या जागी नंतर जोडलेली कडी दिसेल, आणि ती बदललेली कडी दोष न मानता त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग मानावी. उपाधीच्या बिल्ल्यांनाही हीच कसोटी लावता येते: हे बिल्ले १९११ च्या दरबारापासूनचे असल्यामुळे त्याआधी वारलेल्या रावबहादुराच्या नावाचा बिल्ला दिसला, तर तेथेच थांबावे.

दुसरा प्रश्न घडणीचा. अस्सल पदक पोलादी छाप्यांमध्ये दाबून तयार होते. त्यामुळे अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात आणि पार्श्वभूमी सलग असते. नक्कल बहुधा ओतीव असते. भिंगातून तिच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, मऊ झालेली अक्षरे आणि कडेवर साच्याची बारीक शिवण दिसते. ओतताना धातू आकसतो, म्हणून व्यासही मूळ पदकापेक्षा किंचित कमी भरतो. ३८.५ मिलिमीटर असायला हवे तेथे ३७.९ भरले, तर विक्रेत्याने सांगितलेली कोणतीही कथा ऐकू नये.

भरीव पदकाची घनता घरीही मोजता येते. पदक हवेत वजन करावे, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असे टांगून पुन्हा वजन करावे. दोन वजनांतील फरकाने हवेतील वजनाला भागले की घनता मिळते. समजा, पदक हवेत ३२ ग्रॅम भरले आणि पाण्यात ३.१ ग्रॅमने हलके झाले, तर उत्तर १०.३ येते, स्टर्लिंग चांदीची घनता तेवढीच असते. सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे पदक सुवर्णपदक म्हणून पुढे आले, तर ही एक कसोटी पुरते. मात्र मीनाकारी असलेला, पोकळ किंवा खडे जडवलेला बिल्ला कधीही पाण्यात बुडवू नये. तेथे हे गणित चुकते, आणि मीन्याच्या भेगांत शिरलेले पाणी कायमचे नुकसान करते.

मीनाकारी तपासताना प्रकाश तिरपा धरावा. अस्सल मीना म्हणजे धातूवर भट्टीत वितळवून बसवलेली काच असते. तिच्यात केसासारख्या भेगा असू शकतात, टवके उडालेले असू शकतात, पण तिची चमक काचेची असते. दुरुस्तीत भरलेली राळ किंवा रंग हा जरा दुधट किंवा प्लॅस्टिकसारखा दिसतो, आणि अतिनील प्रकाशात बहुधा शेजारच्या मूळ मीन्यापेक्षा वेगळा उजळतो. दुरुस्ती असलेली वस्तू टाकाऊ नव्हे. परंतु ती दुरुस्त आहे हे किमतीत आणि पावतीवर आले पाहिजे.

फितीसाठीही हाच दिवा वापरावा. दुसऱ्या महायुद्धानंतर कापड-धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत शुभ्रता वाढवणारी द्रव्ये आली, आणि ती अतिनील प्रकाशात निळसर पांढरी लखलखतात. फीत तशी चमकली तर ती नंतरची असावी किंवा कोणी ती आधुनिक पावडरीने धुतली असावी. जुन्या रेशमी फितीवरचा लहरीदार झळाळ आणि घड्यांवरचे विरणे यांची नक्कल सहज होत नाही. फीत बदललेली असणे स्वाभाविक आहे. वापरणारा माणूस हयातीतच ती बदलत असे.

मागच्या बाजूचे नाव तपासणे हे सर्वांत महत्त्वाचे, आणि मी येथेच चुकलो होतो. संग्रहाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडे रावसाहेबाचा बिल्ला दिसला; मागे ओळखीच्या मराठी आडनावाचे कोरीव काम होते, आणि ते वाचून मला इतका आनंद झाला की मी बिल्ला प्रकाशात तिरका धरून पाहिलाच नाही. घरी आल्यावर दिसले, की नावाची जागा बशीसारखी किंचित खोलगट आहे आणि नव्या अक्षरांखाली जुन्या अक्षरांच्या पुसट रेघा आहेत. मूळ नाव घासून तेथे विकले जाईल असे नाव घातले होते. खऱ्या माणसाचे नाव त्या धातूवरून गेले ते गेलेच, आणि त्याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक झाले. तेव्हापासून मी नावाच्या जागी आणि कडेला अशी दोन ठिकाणी जाडी मोजतो, अक्षरांच्या चरांत तळाशी जुनी काळपट झाक आहे का ते पाहतो, आणि मगच नाव वाचतो.

मूळ डबीकडेही तितकेच लक्ष द्यावे. ब्रिटिश ऑर्डर्सची मानचिन्हे पुरवणाऱ्या लंडनच्या गॅरार्डसारख्या जवाहिऱ्यांचे नाव झाकणाच्या आतील रेशमावर किंवा मखमलीवर छापलेले असते, आणि आतला खाचा त्या एकाच आकाराच्या वस्तूसाठी कापलेला असतो. बिल्ला त्या खाच्यात सैल किंवा घट्ट बसत असेल, तर डबी आणि वस्तू नंतर एकत्र आणल्या आहेत. काही धारक समारंभासाठी एखाद्या स्थानिक सोनाराकडून दुसरी प्रत घडवून घेत. अशा प्रती जुन्या आणि आपापल्या परीने मोलाच्या असतात, पण त्या अधिकृत वस्तू म्हणून विकत घेऊ नयेत.

कागदांचा शोध

निनावी ऑर्डर कोणाची हे सिद्ध करायला किमान दोन स्वतंत्र पुरावे हवेत. ऑर्डरच्या नेमणुका लंडन गॅझेटमध्ये नववर्षाच्या आणि राजाच्या वाढदिवसाच्या सन्मानयाद्यांत छापल्या जात, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर नावाने शोधता येतात. रावबहादूर, रावसाहेब यांसारख्या उपाध्यांसाठी गॅझेट ऑफ इंडिया पाहावे. मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्याविषयी पत्रव्यवहार हवा असेल, तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागार ही योग्य जागा आहे. इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, दफ्तरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्रजी लेखनात एकाच आडनावाची चार-पाच रूपे आढळतात, म्हणून ‘देशमुख’, ‘कुलकर्णी’ यांसारखी नावे शोधताना जुन्या स्पेलिंगांची यादी आधी करून घ्यावी आणि हुद्दा व गाव यांची जोड घेऊनच नाव पक्के करावे.

छायाचित्र हा उत्तम पुरावा असतो, परंतु ते वाचायला शिकावे लागते. जुन्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळपास आंधळ्या होत्या. त्यामुळे स्टार ऑफ इंडियाची फिकट निळी फीत अशा छायाचित्रात पांढरी दिसते, आणि रावबहादुराची लाल फीत काळी दिसते. हे ठाऊक नसल्यामुळे घरच्या मंडळींनी चुकीचा सन्मान आजोबांच्या नावावर लावून ठेवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

संस्थानिकांच्या बाबतीत शोध सोपा असतो, कारण त्यांचे सन्मान सर्वत्र नोंदलेले आहेत. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींना १८९५ मध्ये जी.सी.एस.आय. आणि १९११ मध्ये जी.सी.आय.ई. मिळाली, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना १८८७ मध्ये जी.सी.एस.आय. व १९१९ मध्ये जी.सी.आय.ई. मिळाली. ग्रँड कमांडरांना मिळणारी कॉलर, म्हणजे खांद्यांवरून रुळणारी सुवर्णमाला, धारकाच्या निधनानंतर परत करावी लागे. म्हणून एखादी अस्सल कॉलर विक्रीला आली, तर ती परत का गेली नाही याचे कागदोपत्री उत्तर मागावे.

संग्रह करताना या सन्मानांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. गांधीजींना १९१५ मध्ये मिळालेले कैसर-ए-हिंद सुवर्णपदक त्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी व्हाइसरॉयला परत पाठवले. गोखल्यांनी १९१४ मध्ये के.सी.आय.ई. नाकारली. तेच कैसर-ए-हिंद १९१९ मध्ये पंडिता रमाबाईंना त्यांच्या सेवाकार्यासाठी मिळाले होते. कोणी ते अभिमानाने लावले, कोणी पेटीत ठेवले, कोणी परत केले; एखाद्या घराण्याने बिल्ला कसा वागवला ही माहिती मिळाली तर ती शब्दशः लिहून ठेवावी.

खरेदी आणि कायदा

सर्वांत चांगली खरेदी मूळ घराण्याकडून होते, कारण तेथे वस्तूबरोबर सनद, पत्रे आणि छायाचित्रे असतात. अशा घरी गेल्यावर आधी आजी-आजोबांचे बोलणे ऐकून घ्यावे, वस्तूची खरी बाजारकिंमत प्रामाणिकपणे सांगावी, आणि त्यांना विचार करायला वेळ द्यावा. विकायचे नाही असे त्यांनी ठरवले, तर वस्तूचे आणि सनदेचे छायाचित्र काढून ती माहिती त्यांनाच लिहून द्यावी. खरेदी झाल्यास घरातील ज्येष्ठांच्या सहीचे एक पत्र घ्यावे: वस्तू कोणाची, नाते काय, किती वर्षे घरात होती, कोणत्या तारखेला दिली. पुढच्या पन्नास वर्षांत या एका कागदाची जागा दुसरे काहीही घेऊ शकणार नाही.

एका माणसाची चार-पाच मानचिन्हे एकत्र असतील तर ती सुटी करून विकत घेऊ नयेत, आणि कोणाला तसा सल्लाही देऊ नये. संच फोडला की त्यातील निनावी ऑर्डर कायमची निनावी होते.

लिलावात बोली लावताना हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचे अधिमूल्य आणि कर वेगळे लागतात, हे धरूनच मर्यादा ठरवावी. १६६६ पासून चालत आलेले लंडनचे स्पिंक किंवा तेथीलच नूनन्स यांच्या जुन्या विक्रीसूची पाहण्याची सवय लावावी. त्यांतून एखादी वस्तू पूर्वी कधी, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या संचातून विकली गेली हे कळते. परदेशातून खरेदी करताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत परकीय चलन योजनेत एका आर्थिक वर्षात दरमाणशी २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि सीमाशुल्काचे वर्गीकरण वस्तू निघण्यापूर्वी जाणकार मध्यस्थाकडून लेखी करून घ्यावे.

कायद्याचा मुद्दा गंभीर आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे, आणि त्याच्या व्याख्येत किमान शंभर वर्षे जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही वस्तू येऊ शकते. म्हणजे १९११ चे दरबार पदक आता त्या कक्षेत आले आहे, आणि ही रेषा दर वर्षी एक वर्षाने पुढे सरकते. असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो, म्हणून विक्रेत्याचा परवाना पाहावा आणि पावतीवर वस्तूचे पूर्ण वर्णन लिहून घ्यावे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे: पुण्याच्या घरातला पणजोबांचा बिल्ला आठवण म्हणून सामानात घालून नेणे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. वस्तू शंभर वर्षांपेक्षा नवी असल्याची खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. राहिला संविधानाच्या अनुच्छेद १८ चा प्रश्न: त्याने किताब देणे आणि घेणे बंद केले आहे, जुनी मानचिन्हे जवळ बाळगणे नव्हे.

जपणूक

दिवाळीच्या साफसफाईत देवाची भांडी घासतात त्याच हाताने रांगोळी, चिंच किंवा दंतमंजन लावून घासलेली पदके मी अनेक घरांत पाहिली आहेत. त्या एका घासण्याने मुखवट्यावरचे बारीक काम आणि सोन्याचा मुलामा दोन्ही जातात. चांदीवर चढलेली समान काळपट झाक तशीच राहू द्यावी. ती संरक्षक असते आणि जाणकार तिचीच किंमत करतात. बाजारातील चांदी उजळणारी द्रावणे, गरम पाणी आणि चष्म्याच्या दुकानातील कंपनयंत्र हे मीनाकारीचे शत्रू आहेत. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी, एवढेच.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातील दमट हवा हा सर्वांत मोठा त्रास आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी, आणि पुड्या जूनपूर्वी नव्याने वाळवून घ्याव्यात. मऊ पीव्हीसीची पाकिटे, रबरबँड, लोकर आणि स्वस्त फोम यांतून निघणारी रसायने धातूला आणि रेशमाला खातात. त्याऐवजी आम्लमुक्त कागद आणि पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. डांबरगोळ्या पेटीत टाकू नयेत. फितीवर ऊन पडू देऊ नये. मूळ डबी आतून आम्लधर्मी झाली असेल, तर बिल्ला वेगळा ठेवून डबीही जपावी आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालावा.

नोंदवही

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि पुढील गोष्टी पहिल्याच दिवशी लिहाव्यात: माप, वजन, धातूवरील खुणा, दोष, दुरुस्ती, फीत मूळ की बदललेली, कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती रुपयांना, आणि धारकाच्या नावाचा पुरावा कोणता. पुराव्यापुढे ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘केवळ सांगोवांगी’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि तो शब्द वाढवून लिहिण्याचा मोह टाळावा. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून त्यांची एक प्रत घराबाहेर ठेवावी. क्रमांक वस्तूवर कोरू किंवा चिकटवू नये. फितीला सैल बांधलेल्या सुती दोऱ्याच्या चिठ्ठीवर तो पेन्सिलने लिहावा.

आपल्यानंतर संग्रहाचे काय करायचे हेही याच वहीच्या पहिल्या पानावर असावे. घरातील कोणाला रस नसेल, तर कोणते संच अखंड ठेवायचे, कोणती वस्तू मूळ घराण्याला आधी विचारायची आणि कोणती संग्रहालयाला द्यायची, हे नावानिशी लिहून मृत्युपत्रात त्या पानाचा उल्लेख करावा. सनद आणि बिल्ला वेगवेगळ्या लॉकरांत ठेवू नयेत. माझ्याकडे प्रत्येक सनदेच्या पाकिटावर बिल्ल्याचा क्रमांक आणि प्रत्येक डबीत सनदेची छोटी प्रत आहे, आणि नवी वस्तू घरात आली की ती दोन्ही कामे झाल्याखेरीज मी पेटी बंद करत नाही.